ट्रेलरवर चढणारी होडी आणि तिचा तळ

होडी तरंगत असते तोवर तिच्या तळाला घासायला काही नसते. तिचे सगळे वजन पाण्याने तोललेले असते आणि तळाच्या इंचाइंचाला पाण्याचा टेकू असतो. अडचण सुरू होते ती होडी ट्रेलरवर चढवताना. नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, ट्रेलरच्या फळीवर टेकलेली असते, मागचा भाग अजून पाण्यावर डुलत असतो आणि विंचचा पट्टा तिला वर खेचत असतो. या दोन-चार मिनिटांत तळावर भार येतो आणि त्याच वेळी तळ सरकतही असतो. ओरखडा पडायला तेवढे पुरते. मध्ये वाळूचा कठीण कण सापडला तर तो फळी आणि तळ यांच्यात दाबला जातो आणि होडीबरोबर फरफटत जाऊन पांढरी रेघ ओढतो. भार, घसरण आणि कण या तिघांपैकी एक जरी काढून टाकता आला, तरी तळ वाचतो. पुढच्या सगळ्या खबरदाऱ्यांमागे हेच तत्त्व आहे.

कर्नाटकात मैसूरपासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या टी. नरसीपूरला, म्हणजे तिरुमकुडलु नरसीपूरला, हा प्रश्न नीट पाहता येतो. इथे कावेरी आणि कबिनी एकत्र येतात. स्फटिक सरोवर ही तिसरी, अदृश्य धारा मानून या जागेला त्रिवेणी संगम म्हणतात आणि १९८९ पासून दर तीन वर्षांनी इथे कुंभमेळा भरतो. याच तालुक्यातले तळकाडू तर वाळूत बुडालेल्या मंदिरांसाठीच ओळखले जाते. मैसूर भागातला खडक मुख्यतः नाइस आणि ग्रॅनाइट. तो झिजून नदीत येणाऱ्या वाळूत क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, भरपूर असते. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोहस् श्रेणीत गारगोटी सातव्या पायरीवर आहे. खिडकीची काच आणि साधी सुरी साडेपाचाच्या आसपास येतात आणि ॲल्युमिनियम तर तिनाच्याही खाली. संगमावरची मूठभर ओली वाळू फायबर, रंग आणि ॲल्युमिनियम या तिघांनाही ओरबाडू शकते. महाराष्ट्रातल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात वाळूचा रंग वेगळा असला, तरी त्या पाषाणाच्या पोकळ्यांतून सुटलेल्या गारगोट्या आपल्या नद्यांतही आहेतच.

या भागातल्या जुन्या नावेने हा प्रश्न फार पूर्वी आपल्या परीने सोडवला होता. ती गोल नाव म्हणजे हरिगोलु. बांबूच्या कामट्यांची विणलेली उथळ टोपली आणि तिच्यावर बाहेरून चढवलेले आवरण, एवढाच तिचा सांगाडा. पूर्वी हे आवरण कातड्याचे असे, आता प्लॅस्टिकचे कापड किंवा ताडपत्री लावून त्यावर डांबर फासतात. १५२० च्या सुमारास विजयनगर पाहिलेल्या डोमिंगो पाएश या पोर्तुगीज प्रवाशाने तुंगभद्रेवरच्या अशाच नावांचे वर्णन केले आहे: आतून वेत, बाहेरून चामडे, आकार टोपलीसारखा, आणि पंधरा-वीस माणसे बसतील एवढी जागा. या नावेचे आवरण पातळ असते, खडकावरून ओढली तर ती फाटणारच. म्हणून लहान हरिगोलु कोणी ओढत नाही. ती पाण्यातच उचलतात, पाठीवर किंवा डोक्यावर पालथी घेतात आणि काठावर उपडी ठेवून वाळवतात. तिचे वजन एक-दोन माणसांना पेलण्याइतके असल्यामुळे हे जमते. त्यात तळ जमिनीवर सरकतच नाही, मग काठावर कितीही वाळू असो.

फायबरच्या होडीला हा मार्ग मोकळा नाही. इंजिनासकट तिचे वजन काही शे किलो होते आणि ती उचलायला माणसे पुरत नाहीत. म्हणून ट्रेलर येतो आणि ट्रेलरबरोबर ओढणे येते. या होडीची सर्वांत बाहेरची त्वचा म्हणजे जेलकोट. काचेचे धागे आणि रेझिन यांच्या थरांवर बसवलेला हा गुळगुळीत, रंगीत लेप साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो. आतल्या थरांना पाणी आणि ऊन यांच्यापासून वाचवणे हे त्याचे खरे काम, चकाकी हा वरचा लाभ. ओरखडा या अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहिला तर होडी कुरूप दिसते, एवढेच. तो खाली धाग्यांपर्यंत गेला तर पाणी धाग्यांच्या कडेने आत झिरपू लागते, थर सुटू लागतात आणि पुढे तळावर फोड दिसतात. ओरखड्याची लांबी पाहून घाबरण्यात अर्थ नाही, पाहायची ती त्याची खोली.

ट्रेलर घेताना किंवा बनवून घेताना पहिला निर्णय येतो तो टेकूचा. होडी लांब फळ्यांवर बसवायची की रोलरवर? फळ्यांचा मोठा गुण म्हणजे त्या भार पसरवतात. समजा होडी ४०० किलोची आहे आणि ती २४० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद अशा दोन फळ्यांवर सगळीकडून टेकते. मग एका चौरस सेंटिमीटरवर जेमतेम ८३ ग्रॅम भार येतो. तीच होडी फळीतून वर आलेल्या स्क्रूच्या डोक्यावर टेकली, तर नखाएवढ्या जागेवर कित्येक किलो येतात आणि होडी सरकताच तिथून नांगरासारखी रेघ निघते. म्हणून फळीवर स्क्रू मारायचाच असेल तर त्याचे डोके लाकडात खोल बसवावे. फळीवर गालिचा ठोकताना पिना वरच्या बाजूने मारू नयेत. गालिचा कडेवरून खाली वळवून बाजूने किंवा खालून ठोकावा. पिना गंजणाऱ्या नसाव्यात. गालिचाही कृत्रिम धाग्याचा घ्यावा, कारण तागाचा किंवा सुती गालिचा पाणी धरून ठेवतो आणि फळी आतून कुजते.

मात्र गालिचा हा तळाचा मित्र राहतो तो स्वच्छ असेपर्यंतच. ट्रेलर दर खेपेला वाळूत उतरतो, धाग्यांच्या मुळाशी बारीक वाळू बसते आणि काही महिन्यांत मऊ गालिच्याचा पॉलिश पेपर होतो. वरून हात फिरवला तर तो मऊच लागतो, पण बोट धाग्यांत खुपसून चोळले की कण हाताला लागतात. प्रत्येक खेपेनंतर फळ्यांवर गोड्या पाण्याचा जोरदार फवारा मारणे आणि हंगामात एकदोनदा ताठ ब्रशने धागे उलटे घासणे याला पर्याय नाही. जलपर्णीचे तुकडे आणि चिखलही याच वेळी काढावेत. गालिच्याऐवजी कठीण, गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पट्ट्याही बसवतात. त्यांत वाळू अडकत नाही आणि होडी सहज सरकते. इतकी सहज की होडी पाण्यात उतरवताना विंचचा पट्टा आधीच सोडला तर ती कोरड्या रॅम्पवरच मागे घसरून खाली आपटू शकते. अशा ट्रेलरवर होडी पाण्याला टेकल्याशिवाय पट्टा सोडूच नये.

रोलर फिरतो, म्हणून घासत नाही, अशी समजूत असते आणि ती निम्मी खरी आहे. पठाण, म्हणजे तळाचा मधला कणा, मजबूत असलेल्या लाकडी होडीला मधोमध रोलर चांगले, कारण भार पेलायलाच तो कणा असतो. पातळ, सपाट तळाच्या फायबर होडीत मात्र प्रत्येक रोलरखाली भार एका ठिपक्यावर एकवटतो आणि होडी महिनोन्‌महिने तशीच उभी राहिली तर तळाला खळगे पडतात. शिवाय गंजून अडकलेला रोलर फिरत नाही. तो तळावर कानशीसारखा चालतो. होडी चढवण्याआधी प्रत्येक रोलर हाताने फिरवून पाहायला दोन मिनिटे लागतात.

सर्वांत मोठी चूक ट्रेलर पाण्यात किती उतरवायचा यात होते. ट्रेलर उथळ राहिला तर होडी वजनानिशी कोरड्या फळ्यांवरून ओढावी लागते. ट्रेलर फार खोल गेला तर होडी फळ्यांवर टेकतच नाही, ती वर तरंगत राहते. ट्रेलर बाहेर येऊ लागला की ती तिरकी बसते आणि बसल्यानंतर विंचने किंवा खांद्याने ढकलून सरळ केली जाते. हे ढकलणेच तळाला सर्वांत जास्त खाते. मधली खोली सापडण्यासाठी सोपी पद्धत आहे. आधी ट्रेलर पुरता खोल नेऊन सगळ्या फळ्या भिजवाव्यात, मग तो इतका बाहेर घ्यावा की फळ्यांचा पुढचा, होडीच्या नाळेकडचा, साधारण एक तृतीयांश भाग पाण्याबाहेर दिसेल. आता होडीची नाळ फळ्यांवर टेकून तिची दिशा पक्की होते, मागचा सगळा भार अजून पाणीच उचलते आणि शेवटचे दोन-तीन फूटच ओढायचे राहतात. एकदा योग्य खोली सापडली की ट्रेलरच्या मडगार्डवर पाणी कुठवर आले होते ती रेघ रंगाने करून ठेवावी. रॅम्पचा उतार बदलला की ही खूणही बदलते. बारा ते पंधरा टक्के उतार, म्हणजे शंभर फुटांना बारा ते पंधरा फूट, होड्यांच्या रॅम्पसाठी चांगला मानतात. त्याहून कमी उतारावर ट्रेलर फार लांब न्यावा लागतो आणि जास्त उतारावर गाडीच मागे ओढली जाते. स्नानाच्या घाटांवर उतार नसतोच, दगडी पायऱ्या असतात. तिथे ट्रेलर नेण्याचा प्रयत्न करू नये आणि पायरीच्या धारेवर होडीची नाळ टेकवूही नये.

संगमासारख्या जागी प्रवाह हा वेगळाच विषय होतो. स्थिर तलावात होडी सरळ येऊन ट्रेलरवर बसते. नदीत मात्र प्रवाह तिचा मागचा भाग खालच्या अंगाला ढकलत राहतो आणि नाळ टेकली की त्या टोकाभोवती सगळी होडी फिरू लागते. परिणामी प्रवाहाच्या खालच्या बाजूची फळी एकाच रेषेत घासत राहते आणि तिकडचे लोखंडी मडगार्ड होडीच्या कुशीला लागते. यावर उपाय दोराचा. होडीच्या मागच्या कोपऱ्याला बांधलेला दोर एका माणसाने प्रवाहाच्या वरच्या अंगाला काठावर उभे राहून धरावा आणि होडी ट्रेलरच्या रेषेत ठेवावी. ट्रेलरच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर प्लॅस्टिकच्या नळ्या चढवलेले उभे खांब लावले तर होडी मधोमध येते आणि ट्रेलर पाण्याखाली असताना चालकाला त्याची टोकेही दिसतात. टी. नरसीपूरच्या वर कावेरीवर कृष्णराज सागर आणि कबिनीवर कबिनी जलाशय, अशी दोन धरणे आहेत. धरणातून विसर्ग वाढला की खालच्या काठाची पातळी आणि ओढ दोन्ही बदलतात. सकाळी उतरवलेली होडी संध्याकाळी त्याच खुणेवर चढेल असे धरून चालू नये. पात्रात पाणी वाढत असताना तर होडी चढवण्याची घाई करण्यापेक्षा ती बांधून ठेवून काठ सोडणे शहाणपणाचे.

विंचचेही काही नियम आहेत. पट्टा होडीच्या नाळेवरच्या कडीपर्यंत सरळ रेषेत जायला हवा. तो फार वरून ओढत असेल तर नाळ उचलली जाते आणि मागचा तळ फळीच्या टोकावर दाबला जातो. खालून ओढत असेल तर नाळच फळीत रुतते. ओढताना पट्टा अचानक जड झाला तर काहीतरी अडले आहे असे समजावे आणि थांबून पाहावे, हँडलला जोर लावू नये. पुष्कळदा इंजिनाचा खालचा भाग वर घ्यायचा राहिलेला असतो आणि पंख्याचे पाते जमिनीला लागलेले असते. इंजिनाच्या जोरावर होडी ट्रेलरवर चढवण्याची सवय मात्र सोडलेलीच बरी. पंख्याच्या झोताने रॅम्पच्या टोकाखालची वाळू उडून तिथे खड्डा पडतो आणि पुढे ट्रेलरचे चाक त्यात जाते. चढवताना गाडीचा हँडब्रेक लावून चाकांमागे लाकडी पाचर ठेवावी आणि ताणलेल्या पट्ट्याच्या रेषेत किंवा होडीच्या मागे कोणीही उभे राहू नये. होडी घासली तर दुरुस्त होते, माणसाचे तसे नसते.

होडी पूर्ण चढल्यावर तिचा मागचा काठ फळ्यांच्या टोकाशी जुळला आहे ना, हे पाहणे फार महत्त्वाचे. इंजिनाचे वजन तिथेच असते. फळ्या आखूड पडल्या तर त्या टोकापुढे तळ लोंबतो, कायमचा वाकतो आणि मग पाण्यावर होडी नीट पळत नाही. नाळ रबरी ठोकळ्याला टेकल्यावर दोन पट्टे मागे आणि एक पुढे बांधावा. पट्ट्याच्या लोखंडी बकलाखाली जाड कापडाची घडी हवी, कारण बकल रस्ताभर कंप पावत एकाच जागी घासते. आणि सगळ्यात आधी, पट्टे आवळण्यापूर्वी, तळ आणि फळ्या यांच्यामधल्या फटीत बादलीभर स्वच्छ पाणी मारून वाळू काढून टाकावी. पाच-सात किलोमीटर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा आवळले तर उत्तम. खडबडीत रस्त्यावर सैल होडी ट्रेलरवर मिलिमीटरभर पुढेमागे होत राहते आणि तासाभरात दोन्ही फळ्यांच्या जागी जेलकोटवर मंद, पांढुरके पट्टे उमटतात.

ट्रेलरच नसेल तर? सांगली-कोल्हापूरकडे २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये आलेल्या महापुरांनी बचावाच्या होड्या किती महत्त्वाच्या आहेत हे दाखवले. अशा वेळी होडी मिळेल त्या ट्रकने किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने पूरग्रस्त गावाकडे न्यावी लागते आणि तिथे रॅम्प नसतो. पाण्यात गेलेला डांबरी रस्ता हाच रॅम्प. त्याच्या कडेला खडी, कुंपणाची तार आणि वाहून आलेले पत्रे असतात. ट्रॉलीच्या लोखंडी तळावर जुन्या टायरी किंवा भाताच्या पेंढ्याने भरलेली पोती आडवी टाकली, तर भार पसरतो आणि फाळक्याची धार तळाला लागत नाही. पुण्याजवळ सुदुंबरे इथे मुख्यालय असलेली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी अशा पुरांत रबरी, हवेने फुगवायच्या नौका वापरते. त्या पाण्याच्या कडेला नेऊन फुगवता येतात आणि माणसांना हाताने उचलता येतात, ही त्यांची मोठी सोय. त्यांना वाळूपेक्षा टोकदार वस्तूचे भय जास्त, म्हणून उतरवण्यापूर्वी कडेची जागा पायाने चाचपून घ्यावी लागते.

कोकणात हाच प्रश्न दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी येतो. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याआधी नौका किनाऱ्यावर घेऊन झापांनी शाकारण्याची लगबग सुरू होते. नौका टनावारी वजनाची, किनारा वाळूचा, तरी पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालत आले आहे, कारण त्यामागची समज पक्की आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची वेळ साधली की भरतीचे पाणीच नौकेला जास्तीत जास्त वर आणून ठेवते. तिथून पुढे खाली गोल ओंडके टाकत, मागचा सुटलेला ओंडका पुन्हा पुढे आणत ती सरकवायची. भार असतो, पण घसरणीऐवजी ओंडका गडगडतो. तलावाकाठी ट्रेलर नसलेल्याने हीच युक्ती जाड प्लॅस्टिकच्या पाइपांवर केली, तर लहान होडी एक ओरखडाही न पडता बाहेर येते.

दुसऱ्या टोकाला रोइंगच्या स्पर्धेच्या नौका आहेत. एका वल्हेकऱ्याची नौका सुमारे आठ मीटर लांब आणि नियमाने किमान १४ किलोची असते. तिचा तळ इतका नाजूक की अंगठीचा खडाही त्याला खुपतो आणि इथे एक बारीक ओरखडा पाण्याचा विरोध वाढवतो. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या दत्तू भोकनळ यांनी पुण्याच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या आर्मी रोइंग नोडमध्ये सराव करून २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा क्रमांक मिळवला, तो याच प्रकारात. या नौका पाण्यातून सरळ उचलून खांद्यावर घेतात आणि ट्रेलरवर पालथ्या ठेवतात. तळ आकाशाकडे राहतो, भार वरच्या काठांवर येतो आणि खाली फोमचे पॅड व रुंद कापडी पट्टे असतात. हरिगोलु पालथी करून नेणारा नावाडी आणि ही मंडळी एकाच निष्कर्षावर पोहोचली आहेत.

एवढे करूनही ओरखडा पडलाच, तर आधी तळ धुऊन कोरडा करावा आणि रेघेवरून नख आडवे फिरवावे. नख अडकले नाही तर पॉलिशिंग कंपाउंड आणि मेण पुरेसे होते. नख अडकले, पण तळाशी जेलकोटचाच रंग दिसत असेल, तर रेघ थोडी रुंद करून त्याच रंगाच्या जेलकोटने भरावी. आत काचेचे धागे दिसत असतील तर होडी पुन्हा पाण्यात घालू नये. जागा काही दिवस सावलीत नीट वाळू द्यावी, सुटलेले धागे कापून रेझिनने बसवावेत आणि मगच वरून जेलकोट द्यावा. साधा जेलकोट हवेच्या संपर्कात वरून चिकट राहतो, म्हणून भरल्यावर त्यावर प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म दाबून चिकटवावी. तो कडक झाला की ४००, ६०० आणि १००० नंबरच्या पाणकागदाने या क्रमाने घासून सपाट करावा. ॲल्युमिनियमच्या होडीवरची उथळ रेघ बहुधा तशीच सोडली तरी चालते, पण तिथला रंग उडाला असेल तर योग्य प्रायमर लावावा. लाकडी होडीत मात्र उघडा पडलेला भाग त्याच आठवड्यात तेल किंवा रंग देऊन बंद करावा, कारण तिथून पाणी शिरले की फळी फुगते आणि जवळचा सांधा उघडतो.